पासंग

बासमाने स्टेशनपासून चालत पाच मिनिटं,
ही जमेची पहिली बाजू. माझ्या बॅगेत वजनं असतात,
पितळेची, सरकारी शिक्क्याची,
आणि टॅक्सीचं बिल खात्याला चालत नाही.

उलट बाजू : लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते खरी,
पण चार बोटं खाली.
दर वेळी बॅग उचलावी लागते,
दर वेळी बेहलूल काउंटरमागून म्हणतो, "दुरुस्तीवाला येतोच आहे."
सहा वर्षं येतोच आहे.

खोली चारशे सात. पलंगाला वळसा घातला की खिडकी.
खिडकीतून समुद्र दिसतो, असं सांगितलं होतं.
दिसतो.
समोरच्या बँकेच्या काचेत, उलटा,
दुपारी चार ते सव्वाचार.
हे कुठल्या पारड्यात टाकू?

टॉवेल स्वच्छ, पण पातळ.
गरम पाणी येतं, जरा विचार करून येतं.
न्याहारीला ऑलिव्ह मोजून सात, काकडी, पांढरं चीज,
आणि अंडं, जे ग्युलदाने माझ्यासाठी दोन मिनिटं जास्त उकडते
हे मी कधी सांगितलेलं नसताना.
भिंतीपलीकडचा माणूस रोज रात्री साडेअकराला फोनवर
"हो आई, जेवलो" म्हणतो
आणि फोन ठेवून वेफर्सची पिशवी फोडतो.
भिंत पातळ आहे, ही तक्रार.
तो जेवलेला नाही हे मला कळतं, ही तक्रार नव्हे,
पण मग काय, त्याला फॉर्मवर रकाना नाही.

दिवसभर मी केमेराल्टीच्या बाजारात काटे तपासते.
मासळीवाल्याचा ओला अंगठा,
पिस्तेवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं नाणं,
सोनाराचा काटा, जो श्वासालाही घाबरतो.
सगळे चहा पुढे करतात. मी घेत नाही.
चहालाही वजन असतं, हे मी नव्या पोरांना
पहिल्याच दिवशी शिकवते.

आता खरी गोष्ट.
न्हाणीघरात बेसिनखाली एक वजनकाटा आहे.
पहिल्या वर्षी त्यावर उभी राहिले : अडुसष्ट.
घरी, उशाकला, मी एकाहत्तर भरते.
रात्री बॅग उघडली. पाच किलोचं पितळ ठेवलं. दोन.
दहा ठेवलं. सात.
तीन किलोंची सरळसोट खोट,
आणि माप मारलेलं कुणाचं? माझं,
माझ्याच बाजूने.

कायदा स्पष्ट आहे : विक्रीचा काटा असेल तरच माझा हात पोचतो.
पाहुण्यांना कुणी वजनावर विकत नाही.
तेव्हा मी गप्प राहिले, आणि पुढच्या खेपेला
"चारशे सातच द्या" म्हणाले,
आणि त्याच्या पुढच्या.

तीन किलो म्हणजे फार नाही.
माझा ओरकुन जन्मला तेव्हा तेवढाच भरला होता.
आता अंकाऱ्यात असतो.
जेवलो, म्हणतो.

आज सकाळी बेहलूलने फॉर्म पुढे सरकवला,
पाच चांदण्या, भराव्या तितक्या.
मी पेन धरून उभी. तीन? साडेतीनची सोय नाही.
तो म्हणाला, "पुढच्या वेळी मागची खोली देतो, नेझिहे बाई, शांत आहे.
चारशे सातमधला काटाही काढून टाकतोय,
एका पाहुण्याने तक्रार केली, खोटं दाखवतो म्हणे."

बावीस वर्षं मी सही करायच्या आधी
वजनं तीनदा ठेवून बघते.

"मी तपासलाय," म्हटलं, "ठीक आहे. राहू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं,
आणि काही न बोलता चहा पुढे केला.
गाडीला वीस मिनिटं होती.
प्यायले.